प्रपंच आणि शंभर मीटर

शंभर मीटरची शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे विशीतला तरुण उभा राहतो. मैदानावर फक्कीच्या रेषा आखलेल्या असतात, शिट्टी वाजते आणि दहा-पंधरा सेकंदांत सारा खेळ आटोपतो. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाचा या धावण्याशी संबंध येतो तो बहुधा दोनच प्रसंगी. एक, सुटलेली बस गाठताना. आणि दुसरा, मुलांच्या शाळेत हौसेने पालकांची शर्यत ठेवली जाते तेव्हा. दोन्ही प्रसंगी मांडीची शीर धरून खाली बसण्याचा संभव मोठा. मग आपण मनाशी ठरवून टाकतो की वेगाने धावणे हे पोरवयाचे काम; प्रौढ माणसाने सकाळी काठी घेऊन फिरायला जावे, तेच त्याला शोभते.

हा समज कितपत खरा आहे, आणि संसाराचा भार खांद्यावर असताना एखाद्याला वेगाच्या धावेचा सराव करावयाचा असेल तर तो कसा करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. विचार हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. बऱ्हाणपूरच्या दक्षिणेस, महाराष्ट्राच्या सीमेलगत शाहपूर आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, केळीच्या बागा, कापसाची शेते, आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत सहज वावरणारी माणसे. अशा गावातील एखादा शिक्षक, किराणा दुकानदार, केळीचा बागायतदार किंवा अंगणवाडी सांभाळणारी एखादी बाई पंचेचाळिसाव्या वर्षी म्हणाली, की मला पुन्हा एकदा शंभर मीटर मनापासून धावावयाचे आहे, तर तिला काय सांगावे?

पहिली गोष्ट अशी सांगावी, की अशी इच्छा धरणारी ती एकटी नाही. प्रौढ खेळाडूंच्या मैदानी स्पर्धा जगात गेली पन्नास वर्षे रीतसर चालू आहेत. पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली कॅनडातील टोरोंटो येथे भरली आणि १९७७ साली या खेळाडूंची जागतिक संघटना स्थापन झाली. या स्पर्धांत पस्तिसाव्या वर्षापासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असतात, म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पंचविशीतल्या तरुणाशी झुंजावे लागत नाही. वाढत्या वयाप्रमाणे गोळ्याचे व भाल्याचे वजन कमी होते, अडथळ्यांची उंची उतरते. शंभर मीटर मात्र शंभरच राहतात. एक सवलत तेथेही आहे. हात जमिनीला टेकवून, वाकून सुरुवात करण्याची सक्ती प्रौढ धावपटूवर नसते. त्याला उभ्यानेही धाव सुरू करता येते. आपल्या देशातही राज्य व राष्ट्रीय पातळीवर या स्पर्धा होतात.

आता वय आपल्याकडून नेमके काय काढून घेते ते पाहू. फिनलंडमधील संशोधकांनी २००० साली यूरोपच्या प्रौढ स्पर्धेत धावणाऱ्या, पस्तिशीपासून अठ्ठ्याऐंशी वर्षांपर्यंतच्या स्त्री-पुरुषांची शंभर मीटरची धाव बारकाईने मोजली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर दहा वर्षांमागे पुरुषांचा वेग सुमारे पाच ते सहा टक्क्यांनी आणि स्त्रियांचा पाच ते सात टक्क्यांनी उतरत गेलेला त्यांना आढळला. याचा हिशेब साधा आहे. पस्तिसाव्या वर्षी जो बारा सेकंदांत धावतो, तो सराव टिकवून पंचेचाळिसाव्या वर्षी सुमारे पावणेतेरा सेकंदांत आणि पंचावन्नाव्या वर्षी साडेतेरा सेकंदांच्या आत पोचू शकेल. एवढी घट कड्यावरून कोसळणे खास नव्हे. उतारावरून बेताने खाली येणे आहे.

त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. वयाबरोबर पावलांची गती, म्हणजे एका सेकंदात पडणाऱ्या पावलांची संख्या, फारशी कमी होत नाही. कमी होते ती पावलाची लांबी. आणि पाय जमिनीला टेकून राहण्याचा काळ वाढतो. तरबेज तरुण धावपटूचा पाय भर वेगात जेमतेम एक दशांश सेकंद जमिनीवर असतो. तेवढ्या अवधीत त्याला शरीराच्या भाराच्या कित्येक पट जोराने जमीन खाली रेटावी लागते. वयस्क धावपटूच्या पायात हा झटका उरत नाही. याचे एक कारण स्नायूंत आहे. आपल्या स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात: संथ पण चिवट, आणि चपळ पण लवकर थकणारे. वाढत्या वयात हे चपळ तंतू आधी रोडावतात. दुसरे कारण कंडरांत आहे; टाचेच्या वरची जाड कंडरा पूर्वीइतकी ताणाला तयार राहत नाही.

येथे कोणी विचारील, की आमच्या गावचा माणूस दिवसभर शेतात राबतो, केळीचे घड खांद्यावरून वाहतो. त्याला आणखी व्यायामाची गरज ती काय? प्रश्न रास्त आहे. शेतातील कष्टांनी चिवटपणा येतो, बळही येते. परंतु ते काम संथ लयीचे असते. ओझे उचलणारा माणूस सावकाश उचलतो, आणि तेच शहाणपणाचे असते. पूर्ण वेगाने पाय टाकण्याचा प्रसंग वर्षभरात क्वचितच येतो. जे तंतू वापरात नाहीत ते शरीर पोशीत बसत नाही. गादीवर बसणारा दुकानदार आणि बांधावर राबणारा शेतकरी हे या बाबतीत जवळजवळ एकाच पंक्तीला बसतात.

हे चपळ तंतू शर्यतीपुरतेच कामाचे असते, तर त्यांची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. ओल्या फरशीवरून पाय घसरला, की दुसरा पाय क्षणार्धात पुढे टाकून तोल सावरणारे तेच असतात. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडते आणि मग माणूस अंथरुणाला खिळतो, हे प्रत्येक गल्लीने पाहिलेले आहे. प्रौढपणीही वेगाने धावणाऱ्यांच्या पायांची हाडे न धावणाऱ्यांपेक्षा मजबूत असतात, असे परदेशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. त्यांना तर याचे महत्त्व विशेष. तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी केलेला सराव पंचाहत्तराव्या वर्षी घरच्यांचा भार हलका करील, ही आशा अनाठायी नाही.

संसारी माणसाने हे साधल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कून उतरल्या तेव्हा त्या तीस वर्षांच्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. हे वय धावण्याचे नाही, अशी टीका त्यांच्यावर जाहीरपणे झाली. मुले घरी टाकून ही बाई धावते कशाला, असे पत्रांतून विचारले गेले. त्यांनी शंभर मीटर, दोनशे मीटर, ऐंशी मीटर अडथळे आणि सांघिक धाव अशी चार सुवर्णपदके मिळविली. त्यांचे शिक्षक होते त्यांचेच पती. २०१६ साली जर्मनीत सेंट किट्स या चिमुकल्या बेटाचा किम कॉलिन्स चाळिसाव्या वर्षी शंभर मीटर ९.९३ सेकंदांत धावला. चाळिशीनंतर दहा सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला पुरुष. त्याची शिक्षिका होती त्याची पत्नी. जमैकाच्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइस यांना २०१७ साली मुलगा झाला आणि २०१९ साली त्या शंभर मीटरमध्ये पुन्हा जगज्जेत्या झाल्या. २०२३ साली त्याच मुलाच्या शाळेतील पालकांच्या शर्यतीत त्या धावल्या, तेव्हा इतर मातांची काय गत झाली असेल ते सांगावयास नको!

आपल्या देशातील मन कौर यांची गोष्ट तर आणखी पुढची. त्यांनी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी धावण्यास आरंभ केला, तो स्वतः प्रौढ खेळाडू असलेल्या मुलाच्या आग्रहामुळे. २०१७ साली ऑकलंड येथे, एकशे एकाव्या वर्षी, त्यांनी शंभर मीटर ७४ सेकंदांत पुरे केले. २०२१ साली त्या निवर्तल्या. आणि आपल्या शेजारचे उदाहरण हवे असेल, तर बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या लता करे यांचे घ्यावे. आजारी पतीच्या औषधपाण्यासाठी पैसा हवा, म्हणून साठी उलटलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. पुढे त्यांच्या जीवनावर २०२० साली मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांची शर्यत वेगाच्या धावेची नव्हती. परंतु संसार आणि धाव यांची गाठ इतकी घट्ट बांधलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या उदाहरणांतील एक धागा लक्षात घेण्याजोगा आहे. पती, पत्नी, मुलगा, आजारी नवरा. कोणी ना कोणी घरचे माणूस प्रत्येक धावेच्या मागे उभे आहे. हा योगायोग नसावा. त्याचे कारण सरावाच्या स्वरूपातच आहे, म्हणून आता सरावाकडे वळू.

आरंभ मैदानावर करू नये. डॉक्टरांच्या खोलीत करावा. रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. आपल्या लोकांत हृदयविकार लवकर डोके वर काढतो. छातीत दडपण, चक्कर, अकारण धाप ही लक्षणे असतील तर धावण्याचा विचार बाजूस ठेवावा. बाळंतपण होऊन फार दिवस झाले नसतील, तर त्या बाईने डॉक्टरांना विचारल्यावाचून उड्या वा धाव सुरू करू नये. हे भय घालण्यासाठी सांगत नाही. पाया पाहून मग भिंत चढवावी एवढेच.

त्यानंतरचे निदान दोन-तीन महिने वेगाने धावावयाचेच नाही. या काळात चालणे, संथ धाव आणि घरच्या घरी बळ वाढविणे एवढेच करावे. ओट्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर उचलाव्या व हळूहळू खाली सोडाव्या. पंधरा वेळा एक फेरी, अशा तीन फेऱ्या. एकेका पायाने पायरी चढावी व उतरावी. जोर-बैठकांची आपली परंपरा उत्तम आहे. परंतु शे-दोनशे बैठका मारल्याने चिवटपणा वाढतो, झटका वाढत नाही. वेगासाठी बैठका थोड्या आणि ओझ्यासह हव्यात. धान्याची लहान पिशवी छातीशी धरून आठ बैठका, मग दोन मिनिटे विश्रांती, असे तीन वेळा पुरे.

आणखी एक व्यायाम मुद्दाम सांगतो, कारण धावपटूला सर्वांत जास्त रडविणारा स्नायू म्हणजे मांडीच्या मागचा. सतरंजीवर गुडघे टेकून ताठ राहावे, घरातील कोणीतरी आपल्या दोन्ही टाचा घट्ट धरून ठेवाव्या, आणि आपण गुडघ्यांपासून सरळ शरीर हळूहळू पुढे झुकवीत न्यावे. शेवटी हात टेकावे. हा नॉर्डिक देशांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम आहे. फुटबॉल खेळाडूंवर केलेल्या प्रयोगांत त्याने मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत बरीच कमी झाल्याचे आढळले. आरंभी आठवड्यातून एकदा, चार-पाच आवर्तनेच करावी. टाचा धरण्याचे काम दहा-बारा वर्षांची मुले मोठ्या आनंदाने करतात; वडिलांना जखडून ठेवण्याची संधी त्यांना एरवी कोठे मिळते?

पाया झाल्यावर आठवड्यातून दोन दिवस मैदान आणि एक दिवस घरचा बळाचा व्यायाम, एवढेच ठेवावे. मैदानावरील दोन दिवसांत किमान दोन रात्रींचे अंतर असावे. पहिल्या दिवशी लहान धावा: वीस मीटर चार वेळा, तीस मीटर चार वेळा, आरंभ उभ्याने, हळूहळू जोर वाढवीत. दुसऱ्या दिवशी ऐंशी मीटर तीन वेळा, तेही पूर्ण जोराच्या नऊ दशांश वेगाने, खांदे व जबडा सैल ठेवून. बेरीज केली तर आठवड्याची वेगाची धाव चारशे चाळीस मीटर होते, म्हणजे अर्धा किलोमीटरही नाही. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे अंग तापविण्यास द्यावी. डिसेंबरच्या गारठ्यात याहूनही अधिक.

एवढी थोडी धाव पाहून नवशिक्याला चुटपुट लागते. त्याला वाटते, घाम आला नाही, धाप लागली नाही, मग व्यायाम कसला? येथे वेगाच्या सरावाचे मर्म आहे. पूर्ण जोराच्या धावेसाठी स्नायूंत साठविलेली शिदोरी जेमतेम आठ-दहा सेकंद पुरते. ती पुन्हा भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणून दहा मीटर पूर्ण वेगाच्या धावेमागे एक मिनिट विश्रांती, असा शिक्षकांचा अडाखा आहे. तीस मीटर धावल्यावर तीन मिनिटे स्वस्थ फिरत राहावे. ऐंशी मीटरनंतर आठ. थकलेल्या पायांनी धावले तर शरीर संथपणाच शिकते, आणि इजा पदरात पडते ती वेगळीच.

जागेची निवडही महत्त्वाची. शाहपुराजवळून जाणारा इंदूर-इच्छापूर मार्ग हा वाहनांसाठी आहे; पहाटेच्या अंधारात त्याच्या कडेने धावणे हे साहस नव्हे, अविचार होय. काळ्या मातीचे मैदान थंडीत चांगले असते. पावसाळ्यात ती माती पायाला चिकटते व घसरविते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. धावण्याआधी साठ पावलांची पट्टी स्वतः चालून पाहावी, दगड वेचावे, खळगे बुजवावे. मातीचा सौम्य चढ मिळाला तर सुरुवातीच्या महिन्यांत तोच पत्करावा. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो, पाऊल आखूड पडते आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर ताण कमी येतो. पावसाळ्यातील दोन महिने घरच्या व्यायामावरच काढले तरी बिघडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच मैदान सोडावे.

आता विश्रांती आणि आहार. विशीतला तरुण आज धावतो आणि उद्या पुन्हा धावू शकतो. पंचेचाळिशीच्या शरीराला पूर्ण वेगाच्या सरावातून सावरण्यास दोन ते तीन दिवस लागतात. सावरण्याचे हे काम मुख्यतः झोपेत चालते. सात तास झोप मिळाली नसेल, तर त्या पहाटे वेगाने धावूच नये. चालून परत यावे. ज्यांना शेताच्या मोटारीसाठी रात्री उठावे लागते त्यांनी त्या आठवड्यात सरावाची पाळी बदलावी. आहाराविषयी फार गूढ काही नाही. स्नायूंच्या डागडुजीसाठी प्रथिने हवीत. सराव करणाऱ्या प्रौढाने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिनांचा अंदाज ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारावे. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हा खानदेश-वऱ्हाडाचा मेवाच आहे. धान्य आणि डाळ यांच्या प्रथिनांतील उणिवा ती परस्परांकडून भरून काढते. जोडीला दूध, ताक, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी. धावण्यापूर्वी तासभर आधी एक केळ खावे. केळीच्या मुलखात हे सांगण्याची आवश्यकता नाही. डब्यातील महागड्या भुकट्यांवर पैसा घालण्यापूर्वी मुलांच्या दुधाचा विचार करावा.

हे सारे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. वेगाच्या सरावाला वेळ थोडा लागतो. आठवड्याला तीन-साडेतीन तास. परंतु त्याला लागणारी झोप, वेळेवरचे जेवण, मनाची स्वस्थता, मैदानाहून परतल्यावरचा अर्धा तास या सर्व वस्तू घरात तयार होतात. तेव्हा खरा प्रश्न असा उभा राहतो, की हे तास कुणाच्या वाट्यातून येतात?

आपल्या घरांतील रीत पाहावी. नवऱ्याने पहाटे पाचला बूट घातले, की त्याच वेळी बायको पाण्याच्या आणि डब्यांच्या मागे लागलेली असते. मुलांना उठविणे, म्हाताऱ्या सासऱ्यांचा चहा, शाळेची रिक्षा, सारे तिच्याकडे. तो परत येतो, पाय पसरून बसतो, आणि म्हणतो, आज विश्रांती घेतली पाहिजे. पदक त्याला मिळाले तरी त्यातील निम्मी झोप तिची असते. असा सराव वर्षभरही टिकत नाही. घरात बोलणे निघते, कुरबूर होते आणि शेवटी बूट माळ्यावर जातात. मोडली ती पायाची शिस्त नसते. घराचा हिशेब चुकलेला असतो.

यावर उपाय सोपा आहे, करावयास कठीण आहे. सराव सुरू करण्यापूर्वी नवरा-बायकोने समोरासमोर बसून आठवड्याच्या सात पहाटा वाटून घ्याव्या. दोन पहाटा त्याच्या, दोन तिच्या, उरलेल्या घराच्या. त्याच्या पहाटेला ती घर सांभाळील. तिच्या पहाटेला डबे तो करील, आणि ते केल्याचे चारचौघांत सांगत फिरणार नाही. तिला धावावयाचे नसेल तर तिने चालावे, भजनाला जावे, माहेरी फोन करावा किंवा नुसते झोपावे. ती पहाट तिची आहे, तिचा जमाखर्च तिला कोणी विचारू नये. एकत्र कुटुंब असेल तर थोरल्यांची संमती आधी घ्यावी. “या वयात हे काय?” असा प्रश्न सासूबाईंकडून येणारच. त्याला वाद हे उत्तर नव्हे. सहा महिन्यांनी पाण्याची कळशी न धापता वर आणून ठेवणे, हे उत्तर आहे.

स्त्रीला यापुढेही एक अडचण असते. पुरुषाला मैदानावर कोणी पाहिले तर तो व्यायाम असतो. बाईला पाहिले तर ती बातमी होते. एकटीने जाण्याऐवजी दोघी-तिघींनी मिळून जावे, नवरा किंवा मुलगा आरंभी सोबत असावा, पायांत नीट बसणारे बूट असावे. पोषाख अंगभर असला तरी चालतो; पायात अडकणारा नसला म्हणजे झाले. महिन्याभराने बघ्यांचे कुतूहल संपते. गाव कुठल्याही गोष्टीला सरावते, फक्त ती गोष्ट रोज दिसली पाहिजे.

मुलांना या कामात घ्यावेच. थोरल्याच्या हाती स्टॉपवॉच द्यावे. हाताने मोजलेली वेळ विद्युत् यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण पाव सेकंद कमी भरते, हे त्याला समजावून सांगावे. वडिलांची फुशारकी वजा करण्यास तो लवकरच शिकेल. धाकटीने वहीत तारीख, झोपेचे तास आणि वेळ लिहावी. दर सहा आठवड्यांनी एकदाच वेळ घ्यावी. रोज तराजू लावल्याने पीक वाढत नाही. आपला बाप किंवा आई एखादी गोष्ट नेमाने, न कंटाळता करीत आहे, हे पाहण्याचा संस्कार कोणत्याही उपदेशापेक्षा खोल जातो.

अर्थात् प्रपंचात ठरलेले सारे ठरल्याप्रमाणे होत नाही. केळीचा माल कापणीला येतो, घरात लग्न निघते, मुलाला ताप भरतो, म्हाताऱ्यांना बऱ्हाणपूरला दवाखान्यात न्यावे लागते. अशा आठवड्यात सराव सोडून द्यावा आणि त्याचे दुःख मानू नये. एक-दोन आठवड्यांच्या खंडाने विशेष काही हरपत नाही. हानी होते ती परतल्यावर, बुडालेले सर्व एका दिवसात भरून काढण्याच्या घाईने. खंड दोन आठवड्यांचा असेल तर परतीचा पहिला आठवडा निम्म्या जोराचा असावा. पोटरीत किंवा टाचेच्या वर सकाळी उठताच ताठरपणा जाणवला तर त्या दिवशी धाव नाही. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, ही म्हण धावपटूंच्या कंडरांकडे पाहूनच कोणी रचली असावी असे वाटते. आणि संसारी माणसाचे दुखणे एकट्याचे कधीच नसते; तो लंगडू लागला की घरातील चार कामे अडतात.

शेवटी, हे सारे कशासाठी? प्रौढांच्या स्पर्धेत पदके असतात, आणि ती मिळविण्यात गैर काहीच नाही. परंतु पदक हेच एक मोजमाप धरले तर निराशा ठरलेली, कारण वर्षे पुढे सरकतात आणि काटा मागे येत नाही. म्हणून प्रौढ धावपटूने आपली तुलना पंचविशीतल्या स्वतःशी करू नये. सरावाच्या वहीतील मागच्या वर्षीच्या पानाशी करावी. गतवर्षीइतकीच वेळ यंदा आली, तर वयाने जेवढे नेले तेवढे सरावाने परत आणले, असा त्याचा अर्थ होतो. ही बरोबरी म्हणजे विजयच होय.

आणि मोजमाप आणखी एक आहे. ते स्टॉपवॉचवर दिसत नाही. वर्ष उलटल्यावर घरातील दुसऱ्या माणसालाही आपल्या पहाटा मिळत असतील, मुले न सांगता मैदानावरचे दगड वेचीत असतील, आणि सकाळच्या चहाला सारे एकत्र बसत असतील, तर सराव योग्य रीतीने चालला आहे असे खुशाल समजावे. शंभर मीटरच्या शर्यतीत प्रत्येकाने आपल्या पट्ट्यातच धावावे, असा नियम आहे. प्रपंचात तसे पट्टे आखलेले नसतात. ते एकमेकांना विचारून, रोज नव्याने आखावे लागतात.